बीटल्सचे अल्पकालीन वादक

बीटल्सचे अल्पकालीन वादक म्हणजे बीटल्स या इंग्लिश रॉक बँडमध्ये कायमचे स्थान न मिळता काही आठवडे, मोजके कार्यक्रम किंवा एखाद्या ध्वनिमुद्रणापुरती साथ केलेले वादक होत. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हा बँडचा सर्वपरिचित संच ऑगस्ट १९६२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधीचे ड्रमवादक पीट बेस्ट आणि बास गिटारवादक स्टुअर्ट सटक्लिफ यांची नोंद बहुतेक चरित्रांत ठळकपणे आढळते. त्यांच्या तुलनेत टॉमी मूर, नॉर्मन चॅपमन, चॅस न्यूबी, अँडी व्हाइट, जिमी निकोल आणि अनिल भागवत ही नावे सामान्य श्रोत्यांना फारशी परिचित नाहीत.

सुरुवातीचा काळ (१९६०)

१९६० च्या पूर्वार्धात लिव्हरपूलमधील या बँडकडे स्थिर ड्रमवादक नव्हता आणि बँडचे नावही निश्चित झालेले नव्हते. मे १९६० मध्ये गायक जॉनी जेंटल यांच्या स्कॉटलंड दौऱ्यासाठी टॉमी मूर यांना घेण्यात आले. मूर इतर सदस्यांपेक्षा वयाने बरेच मोठे होते व बाटल्यांच्या कारखान्यात काम करीत. दौऱ्यात व्हॅनला अपघात होऊन त्यांच्या दातांना इजा झाली. तरीही त्याच रात्रीच्या कार्यक्रमात त्यांना वाजवावे लागले. परतल्यानंतर थोड्याच दिवसांत ते कारखान्यातील नोकरीकडे वळले.

त्यांच्यानंतर आलेले नॉर्मन चॅपमन चित्रांच्या चौकटी बनवण्याचा व्यवसाय करीत. ब्रिटनमध्ये त्या वेळी तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागत असे. चॅपमन यांना सेवेसाठी बोलावणे आल्यामुळे त्यांची साथ काही आठवड्यांतच संपली. ऑगस्टमध्ये पीट बेस्ट बँडमध्ये दाखल झाले.

डिसेंबर १९६० मध्ये बँड हॅम्बुर्गहून परतला, परंतु सटक्लिफ जर्मनीतच राहिले. त्यामुळे बास गिटारसाठी चॅस न्यूबी या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सुट्टीपुरते बोलावण्यात आले. न्यूबी यांनी चार कार्यक्रमांत साथ केली. त्यांपैकी २७ डिसेंबरचा लिदरलँड टाउन हॉलमधील कार्यक्रम बँडच्या स्थानिक लोकप्रियतेचा आरंभ मानला जातो. लेनन यांनी पुन्हा हॅम्बुर्गला येण्याविषयी विचारले असता न्यूबी यांनी शिक्षण पूर्ण करणे पसंत केले. पुढे ते गणिताचे शिक्षक झाले. त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले. सटक्लिफ यांनी १९६१ मध्ये बँड सोडल्यावर बास गिटारची जबाबदारी मॅकार्टनी यांनी स्वीकारली.

अँडी व्हाइट

स्कॉटिश ड्रमवादक अँडी व्हाइट (१९३०–२०१५) हे ध्वनिमुद्रणासाठी मानधनावर बोलावले जाणारे व्यावसायिक वादक होते. ४ सप्टेंबर १९६२ रोजी मुद्रित झालेल्या ‘लव्ह मी डू’ या गीतातील ड्रमवादनाबाबत ध्वनिमुद्रण कंपनीकडील मंडळी समाधानी नव्हती. म्हणून ११ सप्टेंबरला लंडनमधील ईएमआय स्टुडिओत व्हाइट यांना बोलावून ते पुन्हा मुद्रित केले गेले. या वेळी रिंगो स्टार यांच्याकडे खंजिरी देण्यात आली. खंजिरीच्या आवाजावरूनच दोन्ही मुद्रणांतील फरक ओळखता येतो.

ब्रिटनमधील मूळ तबकडीवर स्टार यांचे वादन होते, तर १९६३ च्या ‘प्लीज प्लीज मी’ या अल्बमवर व्हाइट यांचे. १९६४ मध्ये अमेरिकेत विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचलेली ‘लव्ह मी डू’ची तबकडीही व्हाइट यांच्याच वादनाची होती.

जिमी निकोल

३ जून १९६४ रोजी, जागतिक दौऱ्याच्या आदल्या दिवशी, रिंगो स्टार टॉन्सिलच्या विकाराने आजारी पडले. स्टार यांच्याविना दौरा करण्यास हॅरिसन यांचा विरोध होता. मात्र कार्यक्रम रद्द न करण्याचे ठरले. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी लंडनचे ड्रमवादक जिमी निकोल (जन्म १९३९) यांना दूरध्वनी केला. बीटल्सच्या गीतांच्या एका स्वस्त अल्बमसाठी निकोल यांनी पूर्वी वादन केलेले असल्याने ती गीते त्यांना ठाऊक होती. त्याच दिवशी थोडका सराव करून ते दुसऱ्या दिवशी कोपनहेगनमध्ये रंगमंचावर बसले.

नेदरलँड्स, हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथेही त्यांनी साथ केली. १४ जूनला स्टार मेलबर्नमध्ये दाखल झाले आणि निकोल यांचे काम संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी इतरांचा निरोप न घेताच ते विमानतळाकडे निघाले. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी त्यांना मानधनासह आभाराचा मजकूर कोरलेले सोन्याचे घड्याळ दिले. विमानतळावर एकटेच बसलेल्या निकोल यांचे छायाचित्र पुढे प्रसिद्ध झाले. स्वतःचा बँड चालवण्याचा त्यांचा प्रयत्न यशस्वी झाला नाही व १९६५ मध्ये ते दिवाळखोर ठरले. त्यानंतर काही काळ त्यांनी स्पॉटनिक्स या स्वीडिश बँडमध्ये वादन केले.

भारतीय वाद्यांचे वादक

एप्रिल १९६६ मध्ये हॅरिसन यांच्या ‘लव्ह यू टू’ या गीतासाठी लंडनमधील एशियन म्युझिक सर्कल या संस्थेमार्फत तबलावादक अनिल भागवत यांना बोलावण्यात आले. हॅरिसन यांनी १६ मात्रांचा ताल सुचवून विस्ताराचे स्वातंत्र्य भागवत यांच्याकडे सोपवले. ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. साथीच्या वादकांना असे श्रेय क्वचितच मिळे.

१९६७ च्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतात दिलरुबा, तबला व तंबोरा वाजवणाऱ्या वादकांची नावे मात्र वेष्टनावर नव्हती. ती सुमारे पन्नास वर्षांनी प्रकाशात आली. ‘दि इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतील एचएमव्ही स्टुडिओत मुद्रित झाले. त्यात बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया आणि सरोदवादक आशिष खाँ यांचा सहभाग होता.

श्रेय

मानधनावर आलेल्या वादकांना ठरावीक रक्कम मिळे. तबकडीच्या विक्रीत त्यांचा वाटा नसे. नाव छापण्याचाही निश्चित नियम नव्हता. १९६९ च्या ‘गेट बॅक’ या तबकडीवर कीबोर्डवादक बिली प्रेस्टन यांचे नाव बीटल्सच्या बरोबरीने छापले गेले, हा अपवाद होता. प्रारंभीच्या कार्यक्रमांतील वादकांचे तर ध्वनिमुद्रणही उपलब्ध नाही. त्यांचा सहभाग कार्यक्रमांच्या नोंदी आणि सहकाऱ्यांच्या आठवणींवरूनच समजतो. मूर यांची नोकरी, चॅपमन यांची लष्करी सेवा, न्यूबी यांचे शिक्षण आणि स्टार बरे झाल्याने निकोल यांची संपलेली गरज पाहता, यांपैकी कोणाचीही साथ वादनातील उणिवेमुळे संपली नव्हती.