सासुरवाडीची वाट आणि जुनी फटफटी

मास्तर माणसाने फटफटीच्या भानगडीत पडू नये, असे आमच्या स्टाफरूमचे एकमुखी मत आहे. त्यातून तो मराठीचा मास्तर, वय सत्तेचाळीस, आणि फटफटी कसली, तर दुसऱ्याने वापरलेली आणि खाचखळग्यांतून उड्या मारीत जाणाऱ्या जातीची! "सर, यंदा हिमालय का?" असे एका तरुण सहकाऱ्याने खवचटपणे विचारलेही. मी म्हटले, "नाही बाबा, श्रीवर्धन."

हिमालयापेक्षा सासुरवाडी अवघड असते, हे वाचकांतल्या जावईमंडळींना सांगायला नको. पण आमची अडचण निराळी आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. श्रीवर्धनच्या अलीकडे त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि त्या तिथे एकट्या राहतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने निम्मी वाडी आडवी केली. तिच्या जागी लावलेली रोपे आता कुठे माणसाच्या उंचीबाहेर जाऊ लागली आहेत. "पोफळ धरेपर्यंत मी हलणार नाही," हे त्यांचे उत्तर ठरलेले. तेव्हा महिन्यातून दोनदा आम्हीच अलिबागहून हलतो.

वाट सुरेख आहे. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, मग कोर्लई, काशीद, मुरूड आणि आगरदांडा. तिथे जंगलजेटीत चढायचे, खाडीपल्याड दिघीला उतरायचे आणि दिवेआगरावरून श्रीवर्धन गाठायचे. वाट सुरेख असली तरी पावसाळ्यानंतरचा रस्ता सुरेख नसतो, आणि वाडीकडे जाणारी शेवटची पाणंद तर चिरे, मुळ्या आणि चिखल यांचीच बनलेली आहे. गेल्या वर्षी याच पाणंदीत आमच्या स्कूटरचे वीतभर चाक खड्ड्यात बसले आणि सौभाग्यवती उजव्या मनगटावर पडल्या. महिनाभर पोळ्या मी लाटल्या. त्या पोळ्या खाऊनच बहुधा तिने बांगड्यांसाठी साठविलेले एक लाख रुपये माझ्यापुढे ठेवले. "अहो, बांगड्या राहू देत. मनगट शाबूत राहील अशी गाडी बघा."

डांबरावर आणि मातीवर सारख्याच विश्वासाने चालणारी फटफटी ही काही कालची कल्पना नव्हे. १९६८ साली यामाहाने अमेरिकेत डीटी-१ नावाची अडीचशे सीसीची गाडी आणली आणि शेतकऱ्यापासून कॉलेजकुमारापर्यंत सर्वांना रानवाटांचे वेड लावले. आपल्याकडे मात्र या जातीची गाडी परवडणाऱ्या किमतीत मिळायला बराच उशीर झाला. होंडापासून वेगळी झाल्यावर हीरोने २०११ मध्ये दीडशे सीसीची 'इम्पल्स' काढली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची 'हिमालयन' आली आणि २०१९ मध्ये हीरोचीच दोनशे सीसीची 'एक्सपल्स'. एक लाखाच्या माणसाने जुन्या बाजारात पाहावीत अशी ही तीन स्थळे.

स्थळे म्हटले, कारण पुढचा सगळा प्रकार थेट मुली पाहण्यासारखाच झाला. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता. ते मध्यस्थ म्हणून बरोबर आले. निघतानाच त्यांनी बजावले, "सर, मालकाला आधी सांगून ठेवा, गाडी चालू करून ठेवू नका. इंजिन थंड असताना खरे बोलते, तापल्यावर खोटे."

पहिली इम्पल्स, पेणची. अंगाने सडसडीत, जमिनीपासून चांगली उंच आणि किंमत पंचेचाळीस हजार. मला तर तिथेच हो म्हणावेसे वाटले. मिस्त्रींनी टाकीखाली हात घातला आणि बोटे पुढे केली. ती तांबूस झाली होती. आमच्या किनाऱ्यावरचा खारा वारा रंगावर दिसत नाही, तो सांध्यांत शिरतो. चाकाच्या तारा जिथे रिमला मिळतात तिथे, पायदानाच्या बोल्टांत, सायलेन्सरच्या पोटाखाली आणि विजेच्या जोडण्यांत. तांब्याला हिरवी बुरशी चढली असेल तर ती गाडी ऐन पावसात रुसणार. शिवाय ही गाडी बनणे बंद होऊन बरीच वर्षे झाली. तिचा एखादा भाग मोडला तर तो शोधण्यात आमचे निम्मे रविवार गेले असते. स्वस्त गाडी आणि स्वस्तात पडणारी गाडी यांतला फरक मला पेणमध्ये कळला.

दुसरी हिमालयन, महाडची. हिची ऐट वेगळी! टाकी पंधरा लिटरची, बैठक ऐसपैस आणि आवाज गंभीर. मालक म्हणाले, "साहेब, घरातल्या माणसासारखी वापरली आहे." मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी सीट काढली, कोपऱ्यांतून बोट फिरविले आणि दिव्याच्या काचेत डोकावले. काचेच्या आत बारीक गाळाची रेघ होती. जुलै २०२१ मध्ये सावित्रीला पूर येऊन महाड बुडाले होते, हे वाचकांना आठवत असेल. मिस्त्रींनी मालकांना विचारले, "किती दिवस पाण्यात होती?" गृहस्थ क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "दीड दिवस. दुकानही गेले हो त्यात." त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला भाव पाडणे तर सोडाच, उठून निघणेही अवघड झाले. बाईंनी चहा दिला, तो घेतला आणि आम्ही निघालो. पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन धुऊन नीट होते; पण वायरिंग आणि बेअरिंगे यांच्या मनात पाणी राहते.

खरे सांगायचे तर ती कोरडी असती तरी माझ्या कामाची नव्हती. हिमालयनचे वजन दोनशे किलोंच्या आसपास, माझे एकसष्ट. पाणंदीत ती आडवी झाली असती तर उभी करायला सासूबाईंना बोलवावे लागले असते. या जातीच्या गाड्या पडतातच. म्हणून घेण्यापूर्वी ती आडवी करून एकट्याने उचलून पाहावी. ताकद किती याची चौकशी सगळे करतात, वजनाची कोणी करीत नाही.

तिसरी एक्सपल्स, पुण्याची. समुद्राचा वारा न लागलेली. दीडशे किलोंच्या थोडी वर, पुढचे चाक एकवीस इंची, पोटाखाली वीतभर मोकळी जागा. मिस्त्रींनी चाकाच्या एकेक तारेवर पान्हा वाजवून पाहिला; सगळ्या एका सुरात बोलल्या. सैल तार भदभद वाजते. पुढचे शॉकप दाबून तेलाचे वळे उमटते का पाहिले, तर तिथे ते उमटले: सील गेलेले. पुढचे चाक उचलून हँडल हलविले. मध्यावर कुठे अडकले नाही, म्हणजे बॉलरेसर शाबूत. चेन मात्र संपलेली आणि मागचा टायर गुळगुळीत. मालक एक लाख पाच म्हणत होते. मिस्त्रींनी सील, चेनसेट आणि टायर यांचा हिशेब त्यांच्याच वहीच्या पानावर मांडला आणि सौदा ब्याण्णव हजारांवर तुटला.

कागदांच्या बाबतीत मी मास्तर आहे, तिथे मिस्त्री मागे सरले. चॅसी नंबर पुस्तकाशी अंकाअंकाने ताडून पाहिला. ई-चलनांची बाकी पाहिली. चारशे निघाले, ते मालकांनीच भरले. गाडी कर्जावर घेतलेली होती, म्हणून बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागितले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो, तो केला. विकणाऱ्यांनाही सांगतो, नाव बदलले की नाही याचा पाठपुरावा करा. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्या माथी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

पहिल्या फेरीला दिवेआगरच्या वाळूवर गाडी घालण्याचा मोह झाला. तरुण मंडळी घालतातही. पण खारे पाणी चेनचे आणि बेअरिंगांचे काय करते ते पेणला पाहिले होते. आणि त्याच वाळूत कासवे अंडी घालतात. गाडी रस्त्यावरच ठेवली. पाणंदीत मात्र ती अशी गेली, की मागून सौभाग्यवतींनी दोनदा विचारले, "खड्डा येऊन गेला का?"

सासूबाई अंगणात उभ्याच होत्या. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि सीटवर हात ठेवला. सीट त्यांच्या कमरेच्याही वर आली.

"जावईबापू, मला डॉक्टरकडे न्यायचे झाले तर मी हिच्यावर चढायचे कसे?"

पेण, महाड, पुणे. तारा, सील, चॅसी नंबर सगळे पाहिले होते. हे पाहिले नव्हते. सौभाग्यवती माझ्याकडे पाहू लागल्या. सासूबाई आत गेल्या आणि माळ्यावर चढण्याचा लाकडी घोडा ओढत बाहेर आल्या.

"धरा बघू नीट," त्या म्हणाल्या.