टिबक्याला भूक लागली

चार वर्षांच्या मुलासमोर कागदावर एक विचित्र प्राणी काढा आणि सांगा, हा टिबका. शेजारी तसाच दुसरा काढून विचारा, आता किती झाले? 'दोन टिबके.' भूक कोणाला लागली? 'टिबक्याला.' टिबका हा शब्द त्या मुलाने जन्मात ऐकलेला नाही. मी तो आत्ताच बनवला. तरी त्याचं अनेकवचन तयार, सामान्यरूपही तयार! आणि 'सामान्यरूप' म्हणजे काय ते पुस्तकात यायला अजून कितीतरी इयत्ता बाकी आहेत. जीन बर्को या संशोधक बाईंनी १९५८ साली अमेरिकेतल्या मुलांना अशीच बनावट नावं देऊन पाहिली, तेव्हाही हेच दिसलं. मुलं ऐकलेलं नुसतं परत बोलत नाहीत, त्यामागचा नियम स्वतः शोधून काढतात. तोही तासाशिवाय, गृहपाठाशिवाय, घरातल्या गडबडीत.

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेल्या पालकांनी फळा आणि बाक विकत आणण्याआधी हा टिबका काढून पाहावा. अर्थात बोलणं वेगळं आणि वाचणं वेगळं. अक्षरं बहुतेक मुलांना कोणीतरी दाखवावी लागतात, पाढेही आपोआप येत नाहीत. पण किती वेळ दाखवावं लागतं, हा प्रश्न मजेदार आहे. वर्गात चाळीस मुलं असतात. हजेरी, रांगा, वह्या गोळा करणं, मागे राहिलेल्यांसाठी थांबणं यात दिवस जातो. त्यात शिक्षकांचा दोष नाही. घरी समोर एकच मूल. १९८४ साली बेंजामिन ब्लूम यांनी लिहिलं, की एकेकट्याला, पक्कं होईपर्यंत शिकवलेला सरासरी विद्यार्थी वर्गात शिकणाऱ्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. पुढच्या अभ्यासांत हा फरक एवढा मोठा निघाला नाही, पण निघाला. म्हणून घरी शिकवणारे पालक सांगतात, की लहान वयात बसून करायचा अभ्यास दीड-दोन तासांत आटोपतो.

घरी शिकण्याचं आपल्याकडचं सर्वांत थक्क करणारं उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि घाटातल्या रानात बिऱ्हाड थाटलं. १८५८ साली जन्मलेल्या धाकट्या लेकीला शिकवण्याचं काम मग लक्ष्मीबाईंवर आलं. दिवसभर घरकाम, म्हणून त्या पहाटे झोपेने जड झालेल्या पोरीला लाडीगोडीने उठवत आणि पाखरांच्या किलबिलाटात धडा देत. पुढे तीर्थयात्रेच्या पायपिटीतही शिकणं चालू राहिलं. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला मुखोद्गत झाले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. तीच पंडिता रमाबाई. पहाटेची झोप आईचीच मोडत होती, हेही विसरू नये. आजसुद्धा घरी शिकवायचं ठरलं की नोकरी बहुधा आईचीच सुटते. ठरवताना हा हिशेब उघडपणे मांडलेला बरा.

शाळेतून काढलेलं मूल असेल तर सुरुवात काहीच न शिकवण्यापासून करतात. 'आता तास कुठला?' असं विचारायची सवय जायला काही महिने लागतात. तोवर ते नुसतं लोळतं आणि आजी-आजोबा हवालदिल होतात. तेवढं सोसायचं. मग मूल कशात रमतं ते दिसू लागतं. भाजीवाल्याकडचा पाव किलोचा हिशेब, एसटीचं वेळापत्रक, इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही, असं काहीही धागा म्हणून पुरतं. सोबतीला मुलं मात्र मुद्दाम शोधावी लागतात. मैदान, वाचनालय, तबल्याचा क्लास, घरी शिकणारी दुसरी कुटुंबं. हा भाग मला अभ्यासापेक्षा अवघड वाटतो.

कायद्याचं काय? शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही. घरी शिकणारी कुटुंबं या मधल्या जागेत राहतात.

खरा अडसर पुढे येतो. मुंबईची मालविका जोशी सातवीच्या सुमारास शाळेबाहेर पडली. प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. आयआयटीचं दार मात्र बंद होतं, कारण बारावी नव्हती.

ते दार उघडं ठेवायचं तर आधी दहावी हवी. त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथे दहावीला नाव घालता येतं. विषय पाच लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. तयार झालेले विषय आधी देऊन टाकायचे, गणित लगेच नको असेल तर ते नंतर. राज्य मंडळाचीच दहावी हवी असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तेव्हा तो जपून ठेवा.