पोरांची बोली : घरची आणि शहराची



गळीत हंगाम आटोपला, की आपल्या घराघरांत दुसरी धावपळ सुरू होते ती मुलामुलींच्या शिक्षणाची. बारावी झालेली पोरं पुण्या-मुंबईला जातात. फीची, खोलीची, मेसची तजवीज आपण उसाच्या बिलातून करतो. बोलण्याची तजवीज मात्र कुणी करीत नाही. वर्गात पहिल्यांदा तोंड उघडले आणि मागच्या बाकावरून हसू आले, की चांगला हुशार पोरगाही गप्प बसायला शिकतो. शंका विचारत नाही, तोंडी परीक्षेत मार्क घालवतो, नोकरीच्या मुलाखतीत अडखळतो. नुकसान थोडे नाही. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

फरक कुठे आहे?

पहिला फरक 'न' आणि 'ण' यांचा. आपल्याकडे 'पानी', 'लोनी', 'कोन आलंय?' असे सर्रास बोलतात. शहरात याला अशुद्ध म्हणतात. पण हिंदीत पाण्याला 'पानी'च म्हणतात आणि तिथे कुणी हसत नाही! म्हणजे दोष त्या 'न'चा नाही.

दुसरा फरक मुलींच्या बोलण्यातला. कोल्हापूर-सांगली भागात पोरगी 'मी आलो', 'मी जातो' म्हणते. पुण्याची मुलगी 'मी आले', 'मी जाते' म्हणते. आपल्या लेकींची थट्टा होते ती इथे. पण 'आम्ही आलो' हे तर पुस्तकी मराठीतही बाई आणि पुरुष सारखेच म्हणतात. शेजारच्या कन्नडमध्येही 'मी आलो' म्हणताना बाई-पुरुष असा भेद नाही. तेव्हा ही आपल्या बोलीची रीत आहे, चूक नव्हे.

तिसरा फरक शब्दांचा. लई, कवा, हितं, आमास्नी, व्हय. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ते उगीच नाही. तोडणीच्या टोळीतला मराठवाड्याचा गडी 'मी जायलो' म्हणतो, आपला पोरगा 'चाललोय' म्हणतो. फडात दोघांचे काही अडत नाही.

आणि शहरातली पोरं तरी कुठं पुस्तकातलं बोलतात? 'गेलो होतो' याच्या जागी 'गेलेलो', 'तो मला म्हणाला' याच्या जागी 'तो मला बोलला', आणि हिंदीच्या वळणाने 'माझी मदत कर'. वर वाक्यात निम्मे शब्द इंग्रजी. तरी त्यांना कुणी गावंढळ म्हणत नाही. बोलणाऱ्याचे वजन पाहून भाषेला मान देण्याची ही रीत आहे, दुसरे काय!

प्रमाण भाषा आली कुठून?

इंग्रजी अमदानीत शाळा निघाल्या, छापखाने आले. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले. पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची बोली पुस्तकात गेली आणि तीच प्रमाण ठरली. पुढे १९६२ साली राज्य शासनाने लेखनाचे नियम मान्य केले, १९७२ साली त्यात भर पडली. ही सोय हवीच. चंद्रपूरच्या आणि चंदगडच्या माणसाला एकच अर्ज, एकच करारपत्र वाचता आले पाहिजे. पण सोय ती सोय. तिच्यावरून माणसाची पायरी ठरवू नये.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या माघारी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, ती खानदेशच्या बोलीतच. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' माणदेशातल्या माणसांची. २०१६ साली 'सैराट' आला आणि करमाळ्याकडची बोली पुण्या-मुंबईच्या पोरांनी हौसेने उचलली.

शिवाय आपल्या बोलीत जे शब्द आहेत ते शहराकडे नाहीत. 'वापसा' म्हणजे काय, हे शहरातल्या मुलाला सांगायला चार वाक्ये लागतात. आपल्या पोराला एका शब्दात कळते, की रानात ओलही आहे आणि औतही चालेल. पाचट, वाढं, खोडवा, बाळबांधणी, दारं धरणं, ही सारी पिढ्यांची कमाई आहे. मोट गेली, बैल कमी झाले, तसे शिवळ, सोंदूर हे शब्द आपल्याच घरात परके होऊ लागले आहेत. त्याची खंत वाटते.

आपण काय करावे?

एक, पोराला दोन्ही बोलता आले पाहिजे. घरी घरचे, मुलाखतीत प्रमाण. त्यासाठी रोज दहा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घ्यावे. ऐकायला घरातल्या म्हाताऱ्यांना बसवावे, म्हणजे दोघांचेही काम होते.

दोन, गावच्या शाळेत मुलगा 'पानी' म्हणाला तर गुरुजींनी हसू नये. 'पाणी' लिहायला शिकवावे आणि पुढे जावे.

तीन, शहरातून सुट्टीला आलेला पोरगा आईच्या बोलण्याला नाक मुरडू लागला, तर तिथल्या तिथे कान धरावा. त्याची फी त्याच बोलीत बोलणाऱ्यांनी भरली आहे.

चार, आपल्या भागातले शेतीचे जुने शब्द वहीत उतरवून अर्थासह गट कार्यालयात द्यावेत. जागेप्रमाणे आम्ही ते याच पानावर छापू.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो मान एकट्या पुण्याच्या मराठीचा नाही. बांधावर, फडात आणि काट्यावर बोलल्या जाणाऱ्या मराठीचाही त्यात वाटा आहे. तो आपल्या मुलांनी मान खाली न घालता घ्यावा, एवढीच अपेक्षा.