गोळी आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचायचं कसं?

एचआयव्हीचं नाव काढलं की आपल्या घरांत आवाज आपोआप खाली जातो. म्हणून आज जरा मोकळेपणानं बोलूया.

प्रेप म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध. अमेरिकेत त्याच्या पहिल्या गोळीला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. सांगितल्याप्रमाणे घेतली, तर लैंगिक संबंधांतून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. मग प्रश्न संपायला हवा होता ना? पण देशातल्या नव्या लागणींपैकी जवळपास निम्म्या आजही दक्षिणेतल्या राज्यांत होतात.

कारण नुसती गोळी असून भागत नाही. आधी एचआयव्हीची आणि मूत्रपिंडाची तपासणी, मग प्रिस्क्रिप्शन, पुढे साधारण दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. शहरात हे एका दुपारचं काम. लहान गावात मात्र प्रेप देणारा डॉक्टर दोन तासांवर असू शकतो, म्हणजे दर वेळी एक दिवसाची रजा. जवळच्या फार्मसीत जावं, तर काउंटरमागे वर्गमित्राची आई! लाज हेसुद्धा एक अंतरच आहे.

आयोवानं यावर साधा तोडगा काढला. २०१७ मध्ये तिथलं विद्यापीठ आणि राज्याचा आरोग्य विभाग यांनी 'टेलीप्रेप' सुरू केलं. फार्मासिस्ट व्हिडिओ कॉलवर बोलतात, रक्त जवळच्या लॅबमध्ये द्यायचं, गोळ्या पोस्टानं घरी येतात. औषध तेच, फेऱ्या तेवढ्या वाचल्या.

जून २०२५ मध्ये लेनाकापाविरला मान्यता मिळाली. वर्षातून फक्त दोनदा इंजेक्शन! पण इंजेक्शन टोचायला कोणीतरी लागतंच. म्हणजे गावात नर्स आणि दवाखाना नसेल, तर अंतराचा प्रश्न पुन्हा तिथेच.

आणि आपलं काय? आपल्यातले बरेच जण २६ वर्षांपर्यंत आईबाबांच्या इन्शुरन्सवर असतात. बहुतेक खासगी विमा योजनांना प्रेपचा खर्च पूर्ण उचलावा लागतो, पण कुठली सेवा घेतली याचं पत्र अनेकदा पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी जातं. औषध फुकट, तरी 'घरी कळलं तर?' म्हणून मुलं मागे फिरतात. अशा वेळी ही पत्रं दुसऱ्या पत्त्यावर किंवा ऑनलाइन पाठवा, असं विमा कंपनीला सांगून बघा. मागणी मान्य झाली का, हे औषध घेण्याआधी विचारून घ्या.

भर शहरात राहूनही कधीकधी फार्मसी दोन तासांवर असते, ती अशी.