टाकीत कोण उतरतं

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. विरार पश्चिमेला एका खासगी गृहसंकुलाचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र साफ करताना ४ कामगार गुदमरून मेले. चौघेही तिशीच्या आतले. त्याआधी मे २०१९ मध्ये नालासोपाऱ्यात एका सोसायटीची सेप्टिक टाकी उपसताना ३ जण गेले होते, आणि त्याच महिन्यात ठाण्याच्या ढोकाळीत आणखी ३.

एकाच टाकीत तीन-तीन, चार-चार जीव का जातात? मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास मारतो. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भाग झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. धोका वाढत असतानाच आतल्या माणसाला वाटतं, आता जरा बरं आहे. प्रमाण हजाराच्या आसपास गेलं की दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. वरून हाक मारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, तो सोबत्याला काढायला उतरतो आणि तिथेच कोसळतो. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण कित्येकदा असे वाचवायला उतरलेले असतात.

वसई-विरारला हे पुन्हा पुन्हा का घडावं, याचा हिशेब पाण्यापासून मांडता येतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारी मापदंड, आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं अभियंते धरतात. गुणाकार केला तर रोजचं सांडपाणी १३ कोटी २० लाख लिटर होतं. महापालिकेच्या बोळिंजच्या केंद्राची क्षमता ३ कोटी लिटर. टँकरवर जगणाऱ्या वस्त्यांना १३५ लिटर मिळत नाहीत हे खरं, म्हणून पहिला आकडा थोडा खाली ओढावा लागेल. पण २०११ नंतर उभ्या राहिलेल्या इमारती तो पुन्हा वर नेतात. मधल्या फरकातला बराचसा मैला इमारतींच्या पायाशी, टाक्यांमध्ये साठतो. टाकी भरली की ती कशी उपसायची हे सोसायटीची कमिटी ठरवते. सेक्रेटरी ठेकेदाराला फोन करतो, ठेकेदार माणसं आणतो. ती माणसं कोण, हे कमिटीतलं कोणी विचारत नाही.

देशपातळीवर हे विचारलं गेलं आहे. २०१३ आणि २०१८ च्या सर्वेक्षणांत हाताने मैला उचलणाऱ्या ५८,०९८ जणांची नोंद झाली. त्यात महाराष्ट्रातले ६,३२५, उत्तर प्रदेशाखालोखाल सर्वाधिक. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं की, यांपैकी ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती हाती आहे. त्यात अनुसूचित जातींचे ४२,५९४, अनुसूचित जमातींचे ४२१, इतर मागासवर्गातले ४३१ आणि बाकी सगळे मिळून ३५१. म्हणजे १०० पैकी ९७ दलित. देशाच्या लोकसंख्येत दलित १०० पैकी १७ सुद्धा नाहीत. ‘बाकी सगळ्यां’मधला माणूस शोधायचा तर अशी १२५ माणसं तपासावी लागतात, तेव्हा एक सापडतो.

हे जुन्या, कोरड्या संडासांचं काम, असं कोणी म्हणेल. मग गटारं आणि टाक्या साफ करणाऱ्यांचा आकडा पाहू. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पर्यंत सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली. त्यात अनुसूचित जाती ६८.९ टक्के, इतर मागास १४.७, अनुसूचित जमाती ८.३ आणि खुला प्रवर्ग ८. काम बदललं, कोरडा संडास जाऊन फ्लश आला, टोपलीच्या जागी बादली आणि दोर आला, आणि हे सगळं होऊनही दलितांचा वाटा लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या चौपट राहिला. गरिबी हेच एकमेव कारण असतं, तर गरिबी ज्या ज्या जातींत आहे त्या सगळ्यांत हे काम वाटलं गेलं असतं. तसं ते वाटलं गेलेलं नाही. मला या सगळ्या आकड्यांत सर्वांत जड वाटतो तो हा चौपटीचाच.

वसई-विरार ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तिथे त्यात आणखी एक पदर मिसळतो. २०११ च्या गणनेप्रमाणे इथे १०० पैकी ३७ माणसं आदिवासी. भात कापून झालं की जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, वसईच्या नाक्यांवर येतात. मिळेल त्या कामाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्यांच्यात कमी असते, ठेकेदाराला हे पक्कं ठाऊक असतं. वसई तालुक्याला ही गोष्ट नवी नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा. तो होऊन सहा वर्षं झाली तरी इथल्या आदिवासींना वेठीतून सोडवण्यासाठी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी करावी लागली.

आता मृत्यूंची मोजणी. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं की, २०२० अखेरपर्यंतच्या पाच वर्षांत गटारं आणि टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. त्यातली ३४ महाराष्ट्रात. त्याच वर्षी २८ जुलैला राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं: हाताने मैला उचलल्यामुळे झालेला एकही मृत्यू नोंदलेला नाही. दोन्ही उत्तरं कायद्याच्या भाषेत बरोबर आहेत. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात ‘हाताने मैला उचलणारा’ ही एक व्याख्या आहे आणि ‘धोकादायक सफाई’ ही दुसरी. टाकीत मेलेला माणूस दुसऱ्या रकान्यात जातो. पहिल्या रकान्यात शून्य राहतं, आणि जातीचा प्रश्न ज्या रकान्याला चिकटलेला आहे तोही पहिलाच. दुसऱ्या रकान्यात हा नुसता अपघात होतो. नंतरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२३ या काळात असे ३७७ अपघात-बळी आहेत. दर पाच दिवसांनी एक.

अपघात म्हणावं अशी ती परिस्थिती होती का, हे सरकारच्याच सामाजिक लेखापरीक्षणाने तपासलं. २०२२ आणि २०२३ मधले ५४ मृत्यू त्यासाठी निवडले. त्यांपैकी ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचं एकही साधन नव्हतं. ३८ जणांना कोणीतरी व्यक्तिशः कामावर बोलावलं होतं.

कायदा मात्र सोसायटीलाही बांधतो. कलम ७ म्हणतं, कोणतीही व्यक्ती, संस्था वा स्थानिक प्राधिकरण कोणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष धोकादायक सफाईला लावणार नाही. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे, ठेकेदाराकडे बोट दाखवून कमिटीला सुटता येऊ नये म्हणून. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका सोसायटीच्या टाकीत ३ कामगार मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या आणि १७ सप्टेंबर २०२१ ला न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला लावले. काम खासगी होतं, ही सबब चालली नाही. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूची भरपाई ३० लाख केली. विरारची घटना त्यानंतर साडेपाच महिन्यांनी घडली.

अस्पृश्यता नष्ट करणारं कलम संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर केलं. त्याचा ७६ वा वाढदिवस विरारच्या चौघांपैकी कोणी पाहिला नाही. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेत, १९३१ नंतर पहिल्यांदाच प्रत्येकाची जात विचारली जाणार आहे. प्रगणक वसई-विरारच्या घराघरांत जाईल, जात लिहील, काम काय करता तेही लिहील. बिगारी, मजूर, हाउसकीपिंग अशी उत्तरं येतील. टाकीत उतरणारा माणूस तेव्हाही ‘मजूर’ म्हणूनच लिहिला गेला, तर जात एका कागदावर आणि काम दुसऱ्या कागदावर राहील. महापालिकेला हे टाळता येण्यासारखं आहे. प्रत्येक सोसायटीकडून वर्षाला एक नोंद मागायची: टाकी कधी उपसली, कोणत्या यंत्राने, आत कोणी उतरलं का, आणि उतरलं असेल तर त्याचं नाव.