कातळशिल्पे, कोकणातील

कातळशिल्पे, कोकणातील : महाराष्ट्राच्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या उघड्या पृष्ठभागावर कोरलेल्या प्राचीन आकृत्या. कोकणात उघड्या खडकाला कातळ व अशा खडकाच्या विस्तीर्ण सपाट पठाराला सडा म्हणतात. त्यावरून हे नाव रूढ झाले. खोदचित्रे अशीही संज्ञा वापरतात. भारतातील शैलकला बहुतांशी गुहांच्या किंवा शैलाश्रयांच्या भिंतींवर आढळते; मध्य प्रदेशातील भीमबेटका हे तिचे सुप्रसिद्ध उदाहरण होय. कोकणातील शिल्पे मात्र पायाखालच्या आडव्या जमिनीवर आहेत. त्यांना छप्पर नाही, भिंत नाही, की कोणतीही नैसर्गिक सीमा नाही. अभ्यासकांचे त्यांच्याकडे उशिरा लक्ष जाणे, त्यांचा काळ निश्चित न होणे आणि त्यांचे रक्षण अवघड ठरणे, या सर्व गोष्टींचे मूळ बव्हंशी याच वैशिष्ट्यात आहे.

जांभा हा मूळ खडकाच्या दीर्घकालीन अपक्षयाने बनलेला, लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी युक्त असा सच्छिद्र दगड होय. फ्रान्सिस बुकॅनन या ब्रिटिश निरीक्षकाने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात मलबारमधील या दगडाला, त्यापासून विटांसारखे चिरे पाडतात म्हणून, ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले. उघड्यावर हा दगड टणक होत जातो व सड्यावर त्याचे कठीण कवच तयार होते. हेच कवच शिल्पकारांचा फलक झाले. खोदकामाच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. काही ठिकाणी केवळ बाह्यरेषेची चर खोदून आकृती सिद्ध केली आहे, तर काही ठिकाणी आकृतीच्या आतील किंवा भोवतीचा दगड काढून तिला उठाव दिला आहे. चरींची खोली सामान्यतः काही सेंमी. असते.

गावकऱ्यांना ही शिल्पे कधीच अज्ञात नव्हती. सड्यावर गुरे नेणाऱ्यांना त्यांच्या जागा पाठ असत. अनेक गावांत ती पांडवांनी काढली, अशी समजूत आहे. मालवण तालुक्यातील कुडोपी येथील जागा ‘बाहुल्यांचे टेंब’ म्हणून ओळखली जाते. तेव्हा ‘शोध’ हा शब्द येथे अभ्यासकांच्या दृष्टीनेच खरा मानावयाचा. गोव्यातील रिवण गावाजवळ कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ (पणसायमळ) येथील शिल्पसमूहाची माहिती स्थानिकांनी १९९३ मध्ये गोव्याच्या पुराभिलेख व पुरातत्त्व विभागातील पी. पी. शिरोडकर व त्यांच्या सहकाऱ्यांना दिली. सतीश लळीत यांनी २००१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हिवाळे येथील शिल्पे प्रकाशात आणली. रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी २०१२ च्या सुमारास गावोगाव पायपीट करून आणि गुराखी व वृद्ध यांच्याकडे चौकशी करून शोधकार्य हाती घेतले. त्यातून सत्तरांहून अधिक स्थळे व दीड हजारांवर आकृत्या नोंदल्या गेल्या. एवढ्या मोठ्या पुरातत्त्वीय साधनाची प्राथमिक नोंद मुख्यत्वे हौशी अभ्यासकांनी स्वतःच्या वेळात व खर्चाने करावी, ही गोष्ट त्यांना भूषणावह असली, तरी संस्थात्मक संशोधनाच्या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे.

आकृत्यांत हत्ती, वाघ, गेंडा, हरिण, रानडुक्कर, माकड, पक्षी, कासव, तसेच शार्क व वाघळी यांसारखे मासे दिसतात. मानवाकृती पुष्कळ आहेत. त्यांखेरीज चौकटीत बसविलेल्या गुंतागुंतीच्या अमूर्त रचना आढळतात; त्यांचा अर्थ लागलेला नाही. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्ती हे सर्वांत भव्य शिल्प असून ते सु. १८ मी. लांब व १३ मी. रुंद आहे. त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राणी, पक्षी व मासे यांच्या सत्तरांच्या आसपास आकृत्या आहेत. उक्शी (ता. रत्नागिरी) येथे हत्तीची एकच ठसठशीत आकृती आहे. त्याच तालुक्यातील जांभरूण येथे मात्र लहानमोठ्या अनेक आकृत्यांची दाटी आहे. बारसू येथील शिल्पात मध्यभागी उभी मानवाकृती व तिच्या दोन्ही बाजूंस वाघासारखे दोन प्राणी आहेत. दोन श्वापदांना आवरणारा पुरुष हा विषय सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर आणि पश्चिम आशियाच्या कलेतही आढळतो. त्यामुळे काहींनी या दोहोंचा संबंध जोडला आहे. तथापि केवळ आकृतिसाम्यावरून असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. देवाचे गोठणे येथील मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई विचलित होते, अशी नोंद आहे. जांभ्यातील लोहखनिजांचे प्रमाण लक्षात घेता ही गोष्ट अशक्य नाही. शिल्पकारांना ती ठाऊक होती, असे मानण्यास मात्र आधार नाही. देवीहसोळ येथील चौकोनी शिल्प आर्यादुर्गेच्या मंदिरानजीक असून त्या जागेला आजही धार्मिक महत्त्व आहे. उसगाळीमळ येथे सु. ५०० चौ. मी. क्षेत्रात शंभराहून अधिक आकृत्या असून त्यांत बैल, हरिणे, मानवाकृती व चक्रव्यूहासारखी समकेंद्री वलये लक्षणीय आहेत.

काळाचा प्रश्न सर्वांत वादग्रस्त आहे. महाराष्ट्राच्या पुरातत्त्व विभागाचे तत्कालीन संचालक तेजस गर्गे यांनी २०१८ मध्ये ही शिल्पे इ. स. पू. सु. १०,००० या काळातील असावीत, असे प्राथमिक मत मांडले. काही अभ्यासक ती याहूनही प्राचीन मानतात. रत्नागिरीतील शिल्पांत शेतीची दृश्ये आढळत नाहीत, म्हणून ती शिकारी व अन्नसंग्राहक समाजाची असावीत, हा या मतांमागील एक आधार होय. आज कोकणात नसलेला गेंडा हा दुसरा आधार म्हणून पुढे केला जातो. परंतु गुजरातेतील लांघणज येथील मध्याश्मयुगीन स्थळाच्या उत्खननातही गेंड्याचे खांद्याचे हाड मिळाले आहे. म्हणजे हिमयुगानंतरही हा प्राणी पश्चिम भारतात वावरत होता. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर शिल्पांना हिमयुगात नेता येत नाही. सागरी माशांचा पुरावाही असाच दुहेरी आहे. सु. २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सु. १२० मी. खाली होती व किनारा बराच पश्चिमेकडे होता. त्या काळातील माणसांनी सड्यावर शार्क कोरला असेल, तर त्यांचा संचार फार दूरवर होता, असे मानावे लागते. अन्यथा या आकृत्या समुद्र जवळ आल्यानंतरच्या असाव्यात.

निश्चित कालमापनात अडचण अशी, की उघड्या दगडावरील चरीत कोळसा, हाडे अशी सेंद्रिय द्रव्ये टिकत नाहीत आणि शिल्पांवर मातीचे थरही सहसा नसतात. एखादी आकृती न विस्कटलेल्या मातीखाली गाडलेली मिळाली, तर त्या मातीतील वाळूच्या कणांवर शेवटचा प्रकाश केव्हा पडला, हे प्रयोगशाळेत ठरवून आकृतीच्या वयाची किमान मर्यादा सांगता येईल. यामुळे शिल्पाइतकेच त्याच्यावरील व कडेच्या मातीलाही मोल आहे. उत्साहाच्या भरात कुदळ-फावड्याने एखादे शिल्प ‘स्वच्छ’ करणारा मनुष्य ते दृश्यमान करतो, पण त्याचा काळ सांगू शकणारा बहुधा एकमेव पुरावा फेकून देतो.

याहून मोठी हानी चिरेखाणींमुळे होते. कोकणातील घरे जांभ्याच्या चिऱ्यांची असतात आणि चिरे सड्यावरील दगडातूनच काढतात. आंब्याच्या बागांसाठी कातळात खड्डे करून माती भरणे, रस्त्यांचे काम व बांधकामे यांमुळेही कातळ फुटतो. सड्याचा मोठा भाग खाजगी मालकीचा असून तो महसुली दप्तरात पडीक म्हणून गणला जातो. तेथे दगड काढणाऱ्याला खाली काय आहे, याची कल्पना असतेच असे नाही. युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये या शिल्पांचा समावेश झाला. तीत कशेळी, उक्शी, जांभरूण, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे, कुडोपी व गोव्यातील पणसायमळ ही नऊ स्थळे आहेत. पुढच्याच वर्षी बारसू परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा स्थानिकांच्या विरोधाबरोबर शिल्पांच्या भवितव्याचा प्रश्नही ऐरणीवर आला. संभाव्य यादीतील नोंदीमुळे कायद्याचे संरक्षण आपोआप मिळत नाही. त्यासाठी शासनाने स्मारक म्हणून अधिसूचना काढावी लागते. उक्शी येथे शिल्पाभोवती जांभ्याची संरक्षक भिंत असून उंचावरून पाहण्याची सोयही आहे. कडेवर उभे राहून एवढी मोठी आकृती एका दृष्टिक्षेपात येत नाही. त्यामुळे ही व्यवस्था रक्षण व दर्शन अशा दोन्ही दृष्टींनी उपयुक्त ठरली आहे.

शिल्पे पाहण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पावसाळ्यात सडा गवत व रानफुलांनी झाकतो आणि चरींत पाणी व शेवाळ साचते. उन्हाळ्यात दुपारी कातळ तापून पाय ठेववत नाही. माथ्यावरच्या उन्हात सावली पडत नसल्याने उथळ रेषा दिसेनाशा होतात, म्हणून सकाळची किंवा सायंकाळची तिरपी उन्हे साधावीत. छायाचित्रासाठी रेषांत चुना, खडू वा रंग भरण्याची प्रथा घातक आहे, कारण सच्छिद्र जांभा रंग शोषून घेतो व तो पुन्हा निघत नाही. पुष्कळ स्थळी फलक वा कुंपण नसल्याने गावातील माहीतगार सोबत घेणे इष्ट. नवख्या माणसाचा पाय शिल्पावर पडल्यावरच पुष्कळदा ते त्याच्या लक्षात येते. उक्शी हे कोकण रेल्वेवरील स्थानक आहे. कशेळीस गेल्यास तेथील कनकादित्याचे सूर्यमंदिरही पाहता येते. उसगाळीमळ येथे पावसाळ्यात कुशावतीचे पाणी कातळावर चढते. पूर ओसरल्यावर काही आकृत्या गाळाखाली राहतात व त्या पाहण्यासाठी हिवाळ्यापर्यंत थांबावे लागते.