सुट्टीत प्रेशर वॉशरचा धंदा : आधी पाणी, करंट आणि हिशेब बघा

परीक्षा संपल्या की गावातली दहावी-अकरावीची पोरं काहीतरी कमाई शोधतात. सध्या अनेकांच्या डोक्यात प्रेशर वॉशर आहे. मशीन घ्यायचं, घरोघरी जाऊन मोटारसायकल, ट्रॅक्टर, ट्रॉली, ओटा, अंगण धुऊन द्यायचं. काम चांगलं आहे, पण मशीन आणण्याआधी चार गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

वय आणि कायदा
14 वर्षांखालील मुलांना कामाला लावता येत नाही. शाळेची वेळ सोडून घरच्या कामात मदत करायला सूट आहे. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामं मना आहेत. 18 पूर्ण नसताना केलेला करार कायद्यात टिकत नाही. त्यामुळे मशीनचं बिल, वॉरंटी आणि उधारी आई-वडिलांच्याच नावावर ठेवावी.

हिशेब कसा मांडायचा
समजा मशीन 9 हजारांना आणि पाईप, बोर्ड, गमबूट, चष्मा मिळून 2 हजार. एकूण 11 हजार. रोज 4 मोटारसायकली 50 रुपयांप्रमाणे आणि 1 ट्रॅक्टर 200 रुपयांना धुतला तर 400 रुपये येतात. शॅम्पू आणि पेट्रोलचे 80 गेले की हातात 320. म्हणजे भांडवल निघायलाच 35 दिवस लागतात, तेही रोज काम मिळालं तर! पहिली सुट्टी मशीनचे पैसे काढण्यातच जाईल, हे धरूनच चालावं. दोघा मित्रांच्या घरच्यांनी मिळून मशीन घेतलं किंवा आधी भाड्याने आणून बघितलं तर जोखीम कमी होते.

पाणी
लहान मशीन मिनिटाला साधारण 6 ते 8 लिटर पाणी घेतं. 15 मिनिटं चाललं तर 100 लिटरच्या आसपास. उघड्या नळीपेक्षा हे कमी असलं, तरी टँकरवर असलेल्या गावात 100 लिटर म्हणजे एका घराचं दिवसाचं पाणी. म्हणून ड्रममधून पाणी ओढणारं मशीन घ्यावं. गिऱ्हाईकाच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ड्रममध्ये भरलं की किती लागलं ते डोळ्यांना दिसतं. आधी चिखल खरवडून काढला तर पाणी बरंच वाचतं. पिण्याचं पाणी वापरू नये. ऑईल-डिझेलचं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्यात जाऊ देऊ नये.

करंट आणि प्रेशर
खरा धोका इथे आहे. ओल्या जमिनीवर उभं राहून विजेचं मशीन चालवायचं असतं. अर्थिंग नसलेल्या बोर्डाला मशीन लावूच नये. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी असलेला बोर्ड वायरमनकडून बनवून घ्यावा. जोड दिलेली वायर नको. व्होल्टेज फार कमी असेल तर थांबावं, मोटर जळते.

पाण्याची धार कधीच माणसावर किंवा जनावरावर धरू नये, गंमत म्हणूनही नाही. या दाबाचं पाणी कातडीच्या आत घुसतं. बाहेरून बारीक भोक दिसतं, पण आत मोठी इजा झालेली असू शकते. अशा वेळी हळद लावून घरी बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

हे धुऊ नका
- सोलर पॅनेल : जोराच्या धारेने खराब होऊ शकतं. सकाळी पॅनेल थंड असताना साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे.
- फवारणीचा पंप, ब्लोअर : औषधाचे तुषार अंगावर, नाकातोंडात जातात. पोरांनी हात लावू नये.
- ट्रॅक्टरचा रेडिएटर आणि वायरिंग : जाळीची पाती वाकतात, वायरिंगमध्ये पाणी शिरतं. धुतल्यावर ग्रीस भरून घ्यायला मालकाला आठवण करावी.
- सेप्टिक टँक, खोल टाकी : आत उतरायचंच नाही. विषारी वायूने जीव जातो.

सुरुवात स्वतःच्या घरची गाडी धुऊन करावी. पाणी किती लागलं, वेळ किती गेला, हे वहीत लिहावं. आठ दिवसांची वही समोर ठेवून घरात बसून बोललं, तर मशीन घ्यायचं की नाही याचं उत्तर आपोआप मिळतं.